हायनूफ्का पोव्यातला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंडला आलेले मराठी पाहुणे वॉर्सा आणि क्राकूफ बघून झाले की विचारतात, "आता कुठे?" मी ईशान्येकडे बोट दाखवतो आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. गेली काही वर्षं तीच तीच उत्तरं फोनवर देतोय, म्हणून या वेळी ती लिहून काढली. ती एका माणसाची आहेत, त्यामुळे आवडीनिवडीही त्याच्याच आहेत.

पोव्यात म्हणजे जिल्हा की तालुका?

दोन्हींच्या मधलं काहीतरी. पोलंडमध्ये १६ प्रांत आहेत. प्रांताखाली पोव्यात आणि पोव्यातखाली ग्मिना. ग्मिना म्हणजे आपल्या दहा-वीस ग्रामपंचायती एकत्र केल्यासारखी. पोव्यातचा प्रमुख स्तारोस्ता. त्याला जनता थेट निवडून देत नाही, पोव्यातची परिषद निवडते. गावपातळीवर सोवतिस असतो, आपल्या सरपंचासारखा. खेड्यात एखाद्या घरावर 'सोवतिस' अशी पाटी दिसली की तिथे राहणारा माणूस गावातल्या सगळ्या भानगडी जाणतो असं समजायचं.

आजचे पोव्यात १ जानेवारी १९९९ पासूनचे आहेत. कम्युनिस्ट राजवटीत १९७५ साली ही पातळीच रद्द झाली होती, ती सुधारणांनंतर परत आली.

हा पोव्यात नेमका आहे कुठे?

पोद्लास्क्ये प्रांतात, बेलारूसच्या सीमेला अगदी खेटून. क्षेत्रफळ साधारण १,६२४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या अडीच पटींहून जास्त. आणि एवढ्या जागेत माणसं किती, तर चाळीस हजारांच्या आसपास. त्यातली निम्मी हायनूफ्का शहरात. उरलेली निम्मी ब्यावोव्येझा, नारेफ, नारेफ्का, चिझे, चेरेम्हा, क्लेश्चेले, दुबिचे त्सेर्क्येव्ने अशा ग्मिनांमध्ये विखुरलेली. अर्ध्याहून अधिक जमीन जंगलाखाली आहे. मुंबईहून आलेला माणूस पहिल्या दिवशी "इथे लोक कुठे आहेत?" असं विचारतोच.

नावांचे उच्चार जमत नाहीत. काय करू?

काही करू नका. शहराचं नाव 'हायनूफ्का', जंगलाचं आणि त्यातल्या गावाचं 'ब्यावोव्येझा'. पोलिश 'ल'वर आडवी रेघ असली की तो 'व' होतो, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम भागतं. आपल्याला च, त्स, श, झ वेगवेगळे म्हणायची सवय आहे. 'चहा' आणि 'चूल' यांतले दोन 'च' लहानपणापासून वेगळे म्हणणाऱ्याला पोलिश फार जड जाऊ नये. तिथल्या आजीबाईंनी मला एकदाच दुरुस्त केलं, बाकी वेळा नुसतं हसून घेतलं.

बघण्यासारखं म्हणजे फक्त जंगल ना?

जंगल आहेच, आणि जगप्रसिद्ध आहे. पण केवळ त्यासाठी येऊन दुसऱ्या दिवशी परतणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. या पोव्यातला खरा मजकूर जंगलाच्या कडेच्या गावांत आहे. इथे एकाच रस्त्यावर दोन धर्मपंथ आहेत, दोन पंचांगं आहेत, आणि आजीची बोली आईच्या बोलीहून वेगळी आहे.

बरं, पण त्या जंगलात एवढं काय आहे?

पडलेली झाडं. खरंच सांगतो, पहिलं दिसतं ते हेच. ब्यावोव्येझा राष्ट्रीय उद्यानाच्या कडक संरक्षित भागात कोसळलेलं झाड कोणी उचलत नाही, कापत नाही, बाजूला करत नाही. आपल्या देवराईत वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नसते ना, तसंच. फरक इतकाच की इथे देवाचा धाक नाही, १९२१ पासूनचं संरक्षण आहे. त्या वर्षी इथे राखीव वन झालं आणि १९३२ साली राष्ट्रीय उद्यान.

एका ओकच्या आडव्या खोडापाशी वाटाड्याने आम्हाला थांबवलं होतं. खोड माझ्या छातीपर्यंत येत होतं. साल गळून गेलेली, लाकूड ओल्या ब्रेडसारखं. त्याने बोट टेकवलं तर बोट आत गेलं. वर शेवाळाची गादी, त्या गादीत करंगळीएवढी स्प्रूसची रोपं ओळीने उभी, जणू कोणी वाफा केलाय. बाजूला तपकिरी बुरशीचे थर, एकावर एक बशा रचल्यासारखे. एका भोकातून काळा भुंगेरा बाहेर आला, आमच्याकडे बघितलं न बघितलं आणि परत आत गेला. वाटाड्या म्हणाला, "हे झाड मेलंय असं वाटतं ना? आता याच्यात जिवंत असताना होते त्यापेक्षा जास्त जीव आहेत."

युरोपच्या सपाट प्रदेशातलं असं जंगल जवळजवळ सगळं शेतीत आणि इमारतीत गेलं. हे उरलं, कारण आधी पोलिश-लिथुआनियन राजांनी, मग रशियन झारांनी ते स्वतःच्या शिकारीसाठी राखलं. राजाची हाव कधीकधी झाडांच्या पथ्यावर पडते. ब्यावोव्येझात १७५२ सालच्या शाही शिकारीचा दगडी स्तंभ आहे. तिसऱ्या ऑगस्टस राजाच्या त्या एका शिकारीत ४२ बायसन मारले गेले, आणि कोणी काय टिपलं ते स्तंभावर कोरून ठेवलंय.

१९७९ साली युनेस्कोने पोलंडकडचा भाग जागतिक वारसा ठरवला. १९९२ मध्ये बेलारूसकडचा भाग त्यात आला. संपूर्ण जंगल साधारण १,५०० चौरस किलोमीटरचं, त्यातला मोठा वाटा सीमेपलीकडे. सोव्हिएत संघ मोडीत काढणारा करार ८ डिसेंबर १९९१ रोजी पलीकडच्याच भागातल्या एका शिकारगृहात झाला, हे गप्पांमध्ये सांगायला बरं पडतं.

वाटाड्याशिवाय जंगलात जाता येतं का?

बहुतेक जंगलात येतं. पायवाटा आहेत, सायकलवाटा आहेत, 'झुबराच्या (म्हणजे इथल्या बायसनच्या) बरगड्या' नावाची लाकडी फळ्यांची एक गमतीदार वाटही आहे. 'राजांचे ओक' या वाटेवर जुन्या ओकवृक्षांना राजांची नावं दिलेली आहेत. मुलांना ती आवडते.

पण कडक संरक्षित भागात परवानाधारक वाटाड्या सोबत हवाच. पैसे मोजावे लागतात आणि ते वसूल होतात. त्या वाटेवर यागीएवो या पोलिश राजाचा ओक दाखवतात. १९७४ साली तो पडला, आणि त्याच्या वयाचा हिशेब केला तर १४१० च्या, ट्युटॉनिक सरदारांविरुद्धच्या लढाईआधी राजा त्याच्या सावलीत बसला होता ही गोष्ट टिकत नाही. वाटाडे हे स्वतःच सांगतात आणि मग गोष्ट रंगवूनही सांगतात. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्यावर "इथून महाराजांनी घोडा उडवला" अशी जागा असते, तसंच.

झुबर दिसेलच ना?

झुबर म्हणजे युरोपीय बायसन, आपल्या दाजीपूरच्या गव्याचा लांबचा भाऊबंद. मोठा नर आठशे-नऊशे किलोपर्यंत भरतो. खात्रीने बघायचा असेल तर हायनूफ्का-ब्यावोव्येझा रस्त्यालगतच्या प्रदर्शन-राखीव क्षेत्रात जा. तिथे मोठ्या कुंपणात झुबर, लांडगे, लिंक्स, रानडुकरं आहेत, आणि झुबरोन्य आहे, म्हणजे झुबर आणि गाय यांचा संकर. तिकीट काढा, बघा. लहान मुलं सोबत असतील तर हेच योग्य.

मोकळा झुबर हवा असेल तर पहाटे उठावं लागेल. हिवाळ्यात कळप जंगलाच्या कडेच्या कुरणांवर, त्यांच्यासाठी ठेवलेल्या गवतापाशी जमतात. तेरेमिस्की आणि बुदी या गावांच्या बाजूला डिसेंबर ते मार्च शक्यता चांगली. उन्हाळ्यात ते जंगलात विरून जातात. एवढं मोठं जनावर दिसेनासं कसं होतं, ते तिथे गेल्यावरच कळतं.

एकदा जानेवारीत आम्ही गाडी बाजूला लावून काचा खाली केल्या. कुरणावर काळे ठिपके होते. मला वाटलं गवताच्या गंज्या. मग एका गंजीने मान वर केली आणि नाकातून वाफ सोडली. आम्ही कोणी बोललो नाही. माझ्या मावशीने मात्र पुटपुटत हात जोडले.

आता त्यामागची गोष्ट. पहिल्या महायुद्धात आणि नंतरच्या अंदाधुंदीत इथले झुबर मारून खाल्ले गेले. १९१९ साली इथला शेवटचा मोकळा झुबर गेला. प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी बागांत मोजके उरले होते. त्यांतून १९२९ पासून इथे पैदास सुरू झाली आणि १९५२ साली पहिले झुबर पुन्हा जंगलात सोडले गेले. आज जगात आहेत ते सगळे झुबर फक्त १२ जनावरांचे वंशज आहेत. पोलंडकडच्या जंगलात आता सातशेहून जास्त असावेत. वंशावळीच्या नोंदवहीत इथे जन्मलेल्यांची नावं 'पो'ने सुरू करायची पद्धत आहे. नामकरण विधीची कल्पना मी सुचवून पाहिली, कोणाला आवडली नाही.

जवळ जाऊ नका. किमान शंभर पावलं लांब राहा. झुबर शांत दिसतो, पण धावायला लागला की तुमच्यापेक्षा जोरात धावतो.

ब्यावोव्येझातला झारचा राजवाडा कुठे आहे?

नाहीये. १८८९ ते १८९४ मध्ये तिसऱ्या अलेक्झांडरसाठी बांधला, १९४४ साली जळला, अवशेष १९६०च्या दशकात पाडले. त्या जागी आता उद्यानाचं संग्रहालय आहे. राजवाड्याचं प्रवेशद्वार आणि भोवतालची बाग शिल्लक आहे. गावातल्या लाल विटांच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधली देवप्रतिमांची भिंत मात्र चुकवू नका. ती चिनी मातीची आहे, आणि असं सहसा कुठे नसतं.

लोक पोलिश बोलतात की बेलारूसी?

पोलिश सगळ्यांना येते. पण खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना "तुम्ही घरी काय बोलता?" असं विचारा. उत्तर येईल, "पो स्वोयेमु", म्हणजे "आपलं आपलं". बेलारूसी आणि युक्रेनियन यांच्या मधली ही बोली. तिचं नाव काय यावर पंडितांची भांडणं आहेत, बोलणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नाही. सावंतवाडीच्या माणसाला तो मालवणी बोलतो, कोकणी बोलतो की मराठी, असं विचारून बघा, म्हणजे परिस्थिती लक्षात येईल.

बेलारूसी अल्पसंख्याकांची संख्या इथे मोठी आहे. हायनूफ्का शहरासह पोव्यातमधल्या काही ग्मिनांत बेलारूसीला कचेरीत सहायक भाषेचा दर्जा आहे. हायनूफ्कात बेलारूसी संस्कृतीचं संग्रहालय आणि केंद्र आहे. शाळांत ही भाषा शिकवतात. तरी नातवंडं पोलिशमध्येच बोलतात. आजी "आपलं" बोलते, नातू पोलिशमध्ये उत्तर देतो आणि दोघांना कळतं. पुण्यातल्या किती घरांत हेच चालू आहे ते मी सांगायला नको.

दोन नाताळ असतात हे खरं का?

खरं. पोलंड म्हणजे कॅथलिक देश असं आपण धरून चालतो. या पोव्यातमध्ये ऑर्थोडॉक्स लोक बहुसंख्य आहेत. त्यांचं पंचांग जुनं, ज्युलियन, १३ दिवस मागे चालणारं. म्हणून कॅथलिकांचा नाताळ २५ डिसेंबरला आणि ऑर्थोडॉक्सांचा ७ जानेवारीला. मिश्र लग्नं पुष्कळ, त्यामुळे कित्येक घरांत दोन्ही होतात. ईस्टरही बहुतेक वर्षी दोन. एका बाईंना मी विचारलं की त्रास होत नाही का. म्हणाल्या, "त्रास कसला, दोनदा खायला मिळतं." अधिक महिना असलेल्या पंचांगात वाढलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

ऑर्थोडॉक्स चर्चला इथे 'त्सेर्क्येव' म्हणतात, कॅथलिकला 'कोश्चुव'. क्रुसाला खाली एक तिरकी पट्टी दिसली की त्सेर्क्येव. हायनूफ्कातलं पवित्र त्रिमूर्तीचं कॅथेड्रल बाहेरून काँक्रीटचं आणि नव्या धाटणीचं आहे. छप्पर लाटेसारखं, आराखडा अलेक्सांदर ग्रिगोरोविच यांचा. पहिल्यांदा बघून नाक मुरडलं होतं. आत जाऊन समूहगान ऐकलं आणि मत बदललं. ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्यं वाजत नाहीत, सगळा भार गळ्यावर. चर्चसंगीताच्या इथल्या महोत्सवाची सुरुवात १९८२ सालची.

आत जाताना बायकांनी डोक्याला रुमाल बांधलेला बरा, पुरुषांनी टोपी काढावी. अर्धी चड्डी नको. उभं राहावं लागतं, बाकं भिंतीकडेला आणि म्हाताऱ्यांसाठी.

'उघड्या झडपांचा प्रदेश' हे काय प्रकरण आहे?

पोव्यातमधली माझी सगळ्यात आवडती जागा. नारेफ ग्मिनेत त्शेश्चान्का, पुह्वी आणि सोत्से ही तीन खेडी. घरं लाकडी, ओळीने, रस्त्याकडे अरुंद बाजू करून उभी. खिडक्यांना लाकडी झडपा, आणि झडपांवर, खिडक्यांच्या माथ्यावर, घराच्या कोपऱ्यांवर करवतीने कापलेली नक्षी. रशियन खेड्यांतल्या नक्षीची आठवण करून देणारी. पांढरं, हिरवं, निळं, पिवळं.

त्शेश्चान्काची त्सेर्क्येव हिरवी, पुह्वीची निळी. पुह्वीला संध्याकाळी पोचलात तर त्या निळ्यावर तिरपं ऊन पडतं आणि मागे मोठी झाडं काळी दिसतात. सोत्सेमध्ये चर्च नाही. मधून छोटी नदी, दोन बाजूंना दोन रस्ते, आणि गावाच्या शिवेवर लाकडी क्रूस. क्रुसांना रंगीत फिती बांधलेल्या असतात. नवस, आठवण, रोगराईपासून राखण, जे असेल ते. आपल्या वेशीवरच्या म्हसोबासारखं, गावात शिरण्याआधी तुम्हाला कोणीतरी बघून घेतं.

एका घराची झडप मी जवळून बघितली. वरचा रंग निळा, जिथे पापुद्रा उडालाय तिथे खाली हिरवा, त्याच्याही खाली कोरडं राखाडी लाकूड. नक्षीतल्या एका पानाचं टोक तुटलेलं आणि त्या जागी वेगळ्या लाकडाचा तुकडा चिकटवलेला, नक्षी जुळवायचा प्रयत्न न करता, नुसता भोक बुजवायला. बिजागरी गंजलेली, पण तेल पाजलेली. आत कोणीतरी राहत होतं.

गावं जिवंत आहेत, देखावा नाहीत. अंगणात शिरून फोटो काढू नका. आधी "जेन् दोब्री" (नमस्कार) म्हणा. बहुतेक वेळा पुढे गप्पा होतातच, आणि सुटका व्हायला वेळ लागतो.

जवळच ओद्रिन्कीला नारेफ नदीच्या पाणथळ कुरणात एक ऑर्थोडॉक्स आश्रम आहे. गाब्रिएल नावाच्या साधूंनी तो वसवला, ते औषधी वनस्पती आणि मधमाश्यांसाठी प्रसिद्ध होते. २०१८ साली ते गेले. लांबलचक लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालत जावं लागतं, आणि वसंतात दोन्ही बाजूंना पाणीच पाणी असतं.

घरं सुंदर आहेत, मग इतकी रिकामी का?

याचं छोटं उत्तर: तरुण मंडळी ब्यावीस्तोक (प्रांताची राजधानी), वॉर्सा, ब्रसेल्सला गेली. आपल्या कोकणासारखंच.

लांबचं उत्तर जड आहे. १९१५ च्या उन्हाळ्यात रशियन सैन्य मागे हटत असताना इथल्या ऑर्थोडॉक्स शेतकऱ्यांची गावंच्या गावं गाड्या जुंपून रशियाच्या आत निघाली. वाटेत रोगराईने असंख्य गेले. जे परत आले ते १९१८ ते १९२२ च्या दरम्यान, पडक्या घरांत. याला इथे 'ब्येझेन्स्त्वो' म्हणतात, आणि आता आता कुठे लोक त्यावर उघडपणे बोलू लागलेत. १९३९ नंतर सोव्हिएत सत्ता आली, वनरक्षकांची कुटुंबं सैबेरियाच्या गाड्यांत बसवली गेली. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी जंगलातली गावं रिकामी करून जाळली, आणि नारेफ्काच्या ज्यूंना गोळ्या घातल्या. त्यांची दफनभूमी गावाबाहेर आहे, तिथे जाऊन या. युद्ध संपल्यावरही, जानेवारी १९४६ मध्ये, 'बुरी' या टोपणनावाच्या रोमुआल्द रायसच्या सशस्त्र तुकडीने झालेशानी हे ऑर्थोडॉक्स खेडं जाळलं. मेलेल्यांत मुलं होती. काही पोलिश राष्ट्रवादी आजही त्याला वीर मानतात. या विषयावर परक्याने मत देऊ नये. समोरचा बोलला तर ऐकावं.

वळिवड्याचे पोलिश लोक इथलेच का?

कोल्हापूरकर हमखास विचारतात. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित होते. त्या वेळच्या पोलंडच्या पूर्व भागातून सोव्हिएतांनी हद्दपार केलेली ही माणसं सैबेरिया, मध्य आशिया, इराण असं करत आली. तो पूर्व भाग फार मोठा होता आणि त्यातला बराचसा आज बेलारूस, युक्रेन, लिथुआनियात आहे. वर सांगितलेल्या वनरक्षकांची हद्दपारी त्याच लाटेतली. पोव्यातमध्ये कोणाला "मी कोल्हापूरचा" सांगून अश्रू येतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. मी सांगून पाहिलंय. त्यांनी विचारलं, "तिथे झुबर असतात का?" मी गव्याचा फोटो दाखवला. त्यावर अर्धा तास चर्चा झाली.

जंगलतोडीचं भांडण मिटलं का?

२०१६ साली तत्कालीन पर्यावरणमंत्री यान शिश्को यांनी तोड वाढवायला परवानगी दिली. कारण सांगितलं स्प्रूसच्या सालीखाली पोखरणारा भुंगेरा. शास्त्रज्ञ आणि कार्यकर्ते यंत्रांसमोर उभे राहिले. १७ एप्रिल २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने पोलंडने कायदा मोडल्याचा निकाल दिला.

गावात मात्र सगळे कार्यकर्त्यांच्या बाजूने होते असं नाही. हायनूफ्का शहर लाकडावरच वाढलं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी इथे आरागिरणी आणि अरुंद रुळांचं जाळं टाकलं, त्यातून वस्ती झाली आणि १९५१ साली शहराचा दर्जा मिळाला. ज्याच्या बापाने आणि आजोबाने लाकूड कापून घर चालवलं, त्याला "झाड पडलं तर कुजू दे" हे सांगणं सोपं नाही. शिवाय हिवाळ्यात घर लाकडावरच तापतं. मी संरक्षणाच्या बाजूचा आहे, पण वॉर्साच्या गरम घरात बसून ते म्हणणं किती स्वस्त आहे हेही कळतं.

सिमोना कोसाक (१९४३–२००७) या जीवशास्त्रज्ञ बाईंनी जंगलातल्या जेजिन्का या वनरक्षकाच्या जुन्या घरात तीसहून अधिक वर्षं काढली. घरात रानडुकराची मादी पाळलेली, कावळा पाळलेला. गावकऱ्यांशी त्यांचं पटायचंही आणि खटकायचंही. त्यांचं नाव काढलं की प्रत्येकाकडे एक किस्सा निघतो.

सीमेवर गडबड आहे म्हणतात. सुरक्षित आहे का?

पर्यटकाला धोका नाही, पण नियम पाळावे लागतात. २०२१ पासून बेलारूसमार्गे स्थलांतरित मोठ्या संख्येने येऊ लागले. काही महिने सीमेजवळचा पट्टा बाहेरच्यांना बंदच होता. २०२२ मध्ये १८६ किलोमीटर लांबीचं आणि साडेपाच मीटर उंचीचं पोलादी कुंपण पूर्ण झालं, ते जंगलाच्या मधूनही जातं. जून २०२४ पासून सीमेच्या काही भागात प्रवेशबंदीचा पट्टा आहे. त्याची हद्द आणि मुदत बदलत राहते. निघण्याआधी सीमा सुरक्षा दलाच्या संकेतस्थळावर बघा आणि मुक्कामाच्या घरी विचारा.

पासपोर्ट खिशात ठेवा. रस्त्यावर गाड्या थांबवतात, डिकी उघडायला लावतात. आपल्या रंगाच्या माणसाला जरा जास्त वेळ थांबवतात, हे लपवण्यात अर्थ नाही. मला तीनदा थांबवलंय, तिन्ही वेळा नीट बोलले. ड्रोन उडवू नका, गणवेशातल्यांचे फोटो काढू नका. आणि या विषयावर घरमालकाशी वाद घालू नका. जंगलात रात्री कुडकुडणाऱ्याला सूप नेऊन देणारी घरं इथे आहेत आणि सैनिकांना चहा देणारीही. कधीकधी ते एकच घर असतं.

शाकाहारी माणसाची उपासमार होईल का?

नाही. बटाट्यावर प्रेम असलं पाहिजे. प्येरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या. 'रुस्क्ये' मागा, आत बटाटा आणि ताजं चीज असतं. ऑर्डर देतानाच 'बेझ म्येंसा' (मांसाशिवाय) आणि 'बेझ स्क्फारेक' सांगा. स्क्फार्की म्हणजे डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे. ते वरून भुरभुरवतात आणि त्यांच्या मते ती कोथिंबीर आहे. बटाट्याचा भाजलेला बाब्का छान लागतो, पण आत मांस आहे का ते विचारा. उन्हाळ्यात ह्वोद्निक, बिटाचं थंडगार गुलाबी सूप. सोलकढी आवडत असेल तर हे आवडेल.

हायनूफ्काचा मान मार्चिनेक या केकला. कागदासारख्या पातळ पोळ्या, वीसहून जास्त, आणि प्रत्येकीमध्ये आंबटगोड सायीचा थर. रात्रभर मुरल्यावर पोळ्या मऊ होतात आणि सुरीने कापला की कडेला झाडाच्या वर्तुळांसारख्या रेघा दिसतात. जत्रेत आणि लग्नात हमखास. एक तुकडा पुरतो असं वाटतं, पण पुरत नाही.

झुब्रूफ्का ही व्होडका ब्यावीस्तोकला बनते. बाटलीत एका सुगंधी गवताची काडी असते, पहिल्या पावसानंतरच्या गवतासारखा आणि थोडा व्हॅनिलासारखा वास. झुबर ते गवत खातो म्हणून नाव. सफरचंदाच्या रसात घालून पितात.

कधी यावं?

मे महिन्यात हिरवळ, जूनमध्ये डास, जुलैत सुट्टीची गर्दी. माझं मत सप्टेंबरला. हरणांच्या माजाचा काळ, पहाटे जंगलातून त्यांचं डरकाळणं ऐकू येतं. बाजारात अळंबी आणि रानातल्या बेरी. करकोचे मात्र ऑगस्टच्या मध्यावरच निघून जातात, विजेच्या खांबांवरची घरटी रिकामी असतात. झुबरसाठी जानेवारी-फेब्रुवारी, पण थंडी शून्याखाली दहा-पंधरा अंश जाऊ शकते. पुण्याचं स्वेटर कामाचं नाही.

साप-बिप?

सापांची काळजी सोडा, गोचिडीची करा. गवतातून, झुडपातून अंगावर चढतात. त्यांच्यामुळे लाइम रोग आणि एका प्रकारचा मेंदूज्वर होऊ शकतो. मेंदूज्वराची लस आहे, पण डोस आधीपासून घ्यावे लागतात, म्हणून डॉक्टरांना वेळेत विचारा. लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि संध्याकाळी आंघोळीआधी अंग नीट तपासायचं. काखा, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे.

जायचं कसं, राहायचं कुठे?

वॉर्साहून ब्यावीस्तोकपर्यंत रेल्वे, दोन तासांच्या आसपास. तिथून हायनूफ्काची बस. हायनूफ्का ते ब्यावोव्येझा वीसेक किलोमीटर, सरळ जंगलातून. बस कमी, शनिवार-रविवारी आणखी कमी. चौघं असाल तर गाडी भाड्याने घ्या. संध्याकाळी हळू चालवा, हरणं रस्त्यावर येतात. झडपांच्या गावांना गाडी किंवा सायकलच लागते. ग्रीन वेलो हा दोन हजार किलोमीटरहून लांब सायकलमार्ग या पोव्यातमधून जातो, आणि रस्ता सपाट आहे.

राहायला शेतकऱ्यांची घरं आहेत, कोकणातल्या घरगुती निवासासारखी. न्याहारीला घरचं चीज, काकडीचं लोणचं, मध. बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्याने बंद असतात, शनिवारीच दूध-ब्रेड आणून ठेवा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, हे वेगळं सांगायला नको.

मुलांसाठी काय?

हायनूफ्का ते तोपिवो जंगलातली छोटी रेल्वे, अकरा किलोमीटर, उन्हाळ्यात. लाकूड वाहणाऱ्या जुन्या रुळांवरची. माथेरानच्या गाडीत बसलेल्यांना चढाची मजा येणार नाही, पण खिडकीतून फांद्या हाताला लागतात. आणि श्येम्यानूफ्काचं धरण, पक्षी बघायला.

किती दिवस ठेवू?

तीन. एक जंगलाला, एक झडपांच्या गावांना, एक रिकामा. रिकाम्या दिवशी काय करायचं ते घरमालकीण बाई ठरवतील.

तुम्ही सोबत याल का?

सप्टेंबर असेल तर विचारा. मार्चिनेक तुमच्याकडून.